लिफ्टच्या मशीनचा ब्रेक

लिफ्टची केबिन मजल्यावर धरून ठेवणारी, मोटरच्या शाफ्टवर बसवलेली यंत्रणा. गाडीचा ब्रेक दाबल्यावर लागतो; हा मात्र एरवी लागलेलाच असतो आणि वीज मिळाली की सुटतो. वीज गेली की लिफ्ट कोसळते ही समजूत म्हणूनच उलटी आहे: वीज जाताच ब्रेक आपोआप लागतो.

जुन्या गिअरच्या मशीनमध्ये मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक ड्रम असतो. त्याला दोन बाजूंनी दोन शू स्प्रिंगच्या जोराने आवळून धरतात. शूंना आतून लायनर, म्हणजे घर्षणाचे अस्तर, लावलेले असतात. कॉइलमध्ये वीज आली की चुंबक स्प्रिंगवर मात करून शू ड्रमपासून जेमतेम सुटे करतो. मशीन रूमखालच्या घरात रात्री ऐकू येणारी ‘खट’ बहुधा हीच. गिअरलेस मशीनमध्ये गिअरची मदत नसल्याने ब्रेकला बरीच जास्त ताकद लागते.

ब्रेक सैल पडला तर रिकामी केबिन खाली नव्हे, वर जाते. दोरांच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या काउंटरवेटचे वजन रिकाम्या केबिनच्या वजनात लिफ्टच्या क्षमतेच्या सुमारे 40 ते 50 टक्के मिळवून येईल इतके ठेवतात. भारतात माणशी 68 किलो धरतात, म्हणजे आठ जणांची लिफ्ट 544 किलोंची. काउंटरवेट निम्म्या हिशेबाने असेल तर ते रिकाम्या केबिनहून 272 किलोंनी जड. एलिशा ओटिसने 1854 मध्ये न्यूयॉर्कला दोर कापून दाखवलेली करामत सेफ्टी गिअरची, म्हणजे कोसळणारी केबिन रुळांना जखडणाऱ्या यंत्रणेची, ब्रेकची नव्हे. आणि केबिनखालचा पारंपरिक सेफ्टी गिअर फक्त खाली येतानाच पकड घेतो.

युरोपीय मानक ईएन 81-20 नुसार 125 टक्के भार घेऊन पूर्ण वेगाने उतरणारी केबिन एकट्या ब्रेकने थांबली पाहिजे. शिवाय त्याचे यांत्रिक भाग दोन संचांत हवेत, एक निकामी झाला तरी दुसऱ्याने वेग कमी व्हावा म्हणून.

दोन वेगांच्या जुन्या लिफ्टमध्ये शेवटचे थांबणे ब्रेकवरच असे. त्यामुळे लायनर झिजत आणि भारानुसार केबिन मजल्याच्या दोन बोटे वर किंवा खाली थांबे. व्हीव्हीव्हीएफ ड्राइव्हमध्ये (विजेचा दाब आणि वारंवारता बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या यंत्रणेत) मोटरच वेग शून्यावर आणते, ब्रेक नुसता धरून ठेवतो. तिथे लायनर झिजण्यापेक्षा त्यावर गिअरबॉक्सचे तेल ओघळण्याची धास्ती जास्त.

अडकलेल्यांना सोडवताना मेन स्विच बंद करून लिव्हरने ब्रेक थोडाथोडा सोडतात आणि हाताने चाक फिरवतात. केबिनमध्ये एकच माणूस असेल तर वर नेणे सोपे. मजला आला हे दोरांवर रंगाने केलेल्या खुणांवरून कळते.