कद्दीश

कद्दीश ही ज्यू लोकांच्या सामूहिक उपासनेतली ईश्वरस्तुती, जवळपास सगळी अरामी भाषेत, शेवटची 'ओसे शालोम' ही ओळ तेवढी हिब्रूत. बाहेरच्यांना ती मयताची प्रार्थना म्हणूनच माहीत असते, पण नेहमीच्या मजकुरात मरणाचा किंवा गेलेल्या माणसाचा उल्लेखच नाही, देवाचं नाव थोर होवो आणि त्याचं राज्य लवकर येवो एवढंच मागणं आहे. किमान 10 सज्ञान पुरुषांचा मिनियान जमल्याशिवाय ती म्हणत नाहीत (सुधारणावादी पंथांत बायकाही मोजतात).

उगमावर भरपूर वाद आहेत. सगळ्यात जुना भाग बहुधा लोकांनी द्यायचा प्रतिसाद, 'येहे श्मे रब्बा मेवारख लेआलम उलआलमे आलमाया' (त्याचं थोर नाव सदासर्वकाळ धन्य असो), ज्याचं दानिएल 2:20 आणि स्तोत्र 113:2 शी जवळचं साम्य आहे. सुरुवातीची दोन क्रियापदं यहेज्केल 38:23 वरून आलेली दिसतात. काहीजण येशूच्या 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'शी असलेलं साम्य दाखवून कद्दीश थेट जेरुसलेमच्या दुसऱ्या मंदिराच्या काळात (इ.स. 70 पूर्वी) नेतात. साम्य आहेच, पण त्यावरून तारीख काढणं जरा जास्तच होतं. त्यापेक्षा ज्यू प्रार्थनांचे अभ्यासक योसेफ हाइनेमान यांचं मत पटण्यासारखं आहे, की हा मजकूर पाठशाळेतला, प्रवचन संपलं की म्हणायचा, कारण तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या मोठ्या ग्रंथात (सोता खंड, 49अ) हा प्रतिसाद प्रवचनाच्या संदर्भातच येतो, आणि भाषेचा प्रश्नही त्यातून सुटतो, म्हणजे देवदूतांना अरामी कळत नाही म्हणून ती वापरली या जुन्या समजुतीपेक्षा प्रवचनाला येणाऱ्या साध्या माणसांना हिब्रू कळत नव्हती हे तोसाफोतकारांचं (तालमूदच्या मध्ययुगीन टीकाकारांचं) स्पष्टीकरण सरळ आहे. अर्थात तालमूदच्याच बेराखोत खंडात (3अ) सिनेगॉगचंही नाव आहे, त्यामुळे फक्त पाठशाळा असं ठामपणे म्हणता येत नाही. 'कद्दीश' हे नाव साधारण 8व्या शतकातल्या सोफेरीम ग्रंथात येतं आणि सलग मजकूर 9व्या शतकातल्या राव अमराम गाओन यांच्या सिद्दूरमध्ये (प्रार्थनापुस्तकात), पण त्या सिद्दूरच्या प्रतींत नंतरच्यांनी बराच हात फिरवलाय.

प्रकार असे: प्रार्थनेचे भाग वेगळे करायला अर्धा कद्दीश, अमिदा या उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेनंतर 'तित्कब्बल' (आमच्या प्रार्थना स्वीकारल्या जावोत) ओळीसह पूर्ण कद्दीश, अभ्यासानंतर गुरुशिष्यांसाठी मागणं असलेला रब्बींचा कद्दीश, आणि शोक करणाऱ्यांचा. दफनाच्या वेळचा आणि तालमूदचा एखादा खंड संपल्यावरचा मोठा कद्दीश वेगळाच, त्यात मृतांच्या पुनरुत्थानाची ओळ येते. प्रतिसादात 7 शब्द आणि 28 अक्षरं आहेत यावर पुढच्या लोकांनी खूप अर्थ लावले; पश्चात्तापाच्या 10 दिवसांत अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपीय परंपरेचे ज्यू) 'लेएला' (वर) हा शब्द दोनदा म्हणतात तर प्रतिसादापासून त्या परिच्छेदाच्या शेवटापर्यंतची शब्दसंख्याही 28 च राहावी म्हणून शेजारचे दोन शब्द जोडून एक करतात, इतकी ती मोजणी अंगात मुरलेली. शेवटी तीन पावलं मागे जाऊन डावीकडे, उजवीकडे आणि समोर वाकायचं.

शोकाशी संबंध उशिरा जुळला, साधारण 12व्या-13व्या शतकात, ऱ्हाइन खोऱ्यात. व्हिएन्नाच्या इसाक बेन मोशे यांच्या 'ओर झारूआ' या धर्मशास्त्राच्या ग्रंथात प्राचीन काळच्या रब्बी अकिवाची गोष्ट आहे, त्याला लाकडं वाहणारा मेलेला माणूस भेटतो आणि त्याच्या मुलाने प्रार्थना म्हटल्यावर तो सुटतो. 1096 च्या क्रुसेडमधल्या कत्तलींमुळे ही रीत आली असं बरेचदा सांगतात, पण लेखी पुरावे बरेच नंतरचे आहेत, त्यामुळे वातावरण तयार झालं असेल इतपतच मानावं. आईबापासाठी 11 महिनेच म्हणतात, कारण मिश्नेनुसार (तालमूदचा मूळ गाभा) पाप्यांची शिक्षा 12 महिने चालते आणि पूर्ण 12 म्हटलं तर आपलेच आईबाप पापी ठरवल्यासारखं होईल (असं 16व्या शतकातले पोलंडचे धर्मशास्त्री रेमा, म्हणजे मोशे इस्सर्लेस, सांगतात).

मुलींनी म्हणावं का? 17व्या शतकात ॲमस्टरडॅममधल्या अशाच एका प्रकरणात रब्बी याईर बाखराख यांना मनाई करायला धड आधार सापडला नाही, तरी रूढी सैल होईल म्हणून त्यांनी नकोच म्हटलं. अमेरिकेतल्या ज्यू नेत्या हेन्रिएटा झोल्ड यांनी 1916 मध्ये आईसाठी कद्दीश म्हणायला पुढे आलेल्या मित्राला आभार मानून नाही म्हटलं, स्वतःच म्हणणार म्हणून.

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंकडे बराच काळ मुख्यतः 'शमा'च (देव एकच असल्याची घोषणा) टिकून होता असं सांगतात. मुंबईत 1796 ला सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी शार हारहमीम हे सिनेगॉग (तिथल्या बोलीत 'मशीद') बांधलं, त्यामुळे मिनियानसह नियमित कद्दीश बहुधा त्याच सुमारास रुळला असावा, पाठ मात्र सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या परंपरेचा), म्हणजे मसीहा लवकर येवो ही जादा ओळ धरून.