जड, भारी, वजन, ओझे : मराठीतील भाराचे शब्द

वस्तू उचलताना अंगाला जो ताण जाणवतो, त्यासाठी मराठीत एक शब्द पुरत नाही. पोते जड असते, साडी भारी असते, माणसाच्या शब्दाला वजन असते, कर्जाचा बोजा असतो आणि उपकाराचे ओझे असते. यातल्या एकाच्या जागी दुसरा शब्द सहसा चालत नाही. ‘साडी जड आहे’ म्हटले तर ती अंगावर वागवताना त्रास होतो असा अर्थ होतो. ‘साडी भारी आहे’ म्हटले की किंमत आणि पोत डोळ्यांपुढे येतात. भार नेमका कुठे टेकला आहे, डोक्यावर, गळ्यात, पारड्यात की सातबाऱ्यावर, यावरून मराठी माणूस शब्द निवडतो. ही निवड बोलणाऱ्याला शिकवावी लागत नाही, आणि परभाषकाला ती शिकवणे मात्र फार कठीण जाते.

शब्दांची मुळे

‘जड’ हा शब्द संस्कृतातून आला, पण तिथे त्याचा मुख्य अर्थ वजनाचा नाही. थंड, बधिर, मंद, अचेतन असे त्याचे संस्कृत अर्थ आहेत. भागवतातला जडभरत हा अंगाने जड म्हणून नव्हे, तर मंदबुद्धी माणसासारखा वागतो म्हणून जडभरत. ‘जड आणि चेतन’ ही तत्त्वज्ञानातली जोडी आणि शालेय विज्ञानातला ‘जडत्व’ हा शब्द याच जुन्या अर्थावर उभे आहेत. हलत नाही ते जड. जे हलवायला कष्ट पडतात तेही जड. या वाटेने मराठीत वजनाचा अर्थ पुढे आला आणि रोजच्या बोलण्यात तोच मुख्य झाला. दागिन्यात खडे जडवणे किंवा एखाद्यावर मन जडणे यांतले क्रियापद मात्र निराळे आहे, त्याचा भाराशी संबंध नाही.

‘भार’ हा ‘भृ’ म्हणजे वाहणे, पोसणे या धातूपासून झाला. त्याचे नाते फार दूरवर पोचते. इंग्रजीतला ‘बर्डन’ आणि स्लोव्हाक भाषेतला ‘ब्रेमेनो’, दोन्हींचा अर्थ ओझे, हे त्याच मूळ इंडो-युरोपीय धातूतून निघाले आहेत. ‘गुरु’ या शब्दाचेही तसेच. संस्कृत ‘गुरु’, ग्रीक ‘बारिस’ आणि लॅटिन ‘ग्राविस’ हे तिन्ही सख्खे शब्द असून तिघांचा अर्थ जड असाच आहे. म्हणून ‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्द ‘ग्रॅव्हिटी’साठी नुसता सोयीचा प्रतिशब्द ठरत नाही, दोन्हींचे मूळ एकच आहे. हवेचा दाब मोजणाऱ्या बॅरोमीटरमध्येही हाच ‘गुरु’ ग्रीक वेशात बसला आहे. गर्भवतीला संस्कृतात ‘गुर्विणी’ म्हणतात आणि लॅटिनमध्ये ‘ग्राविदा’. अंगात दुसरा जीव वाढू लागला की बाई जडावते, हे दोन्ही भाषांनी एकाच शब्दाने सांगितले.

‘वजन’ अरबीतून फारसीमार्गे आले. अरबीत याच शब्दाने कवितेचे वृत्तही सांगतात. योगायोग असा की आपल्या छंदशास्त्रातही अक्षरे तोललीच जातात : लघु अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. ‘हमाल’ हाही अरबी, वाहणे या अर्थाच्या धातूतला.

अंगावरचा जडपणा

शरीराच्या बाबतीत मराठी जवळजवळ सगळीकडे ‘जड’ वापरते. डोके जड होते, डोळे जडावतात, सर्दीने आवाज जड होतो, निरोप घेताना पाऊल जड होते, अंतःकरण जड होते. पोट जड होते ते बहुधा उडीद, वाल किंवा पावट्याने. असे पदार्थ ‘पचायला जड’. आयुर्वेदात पदार्थांच्या वीस गुणांच्या यादीत गुरू हा पहिला आणि त्याला लघू हा विरोधी. घराघरांतली ‘रात्री जड खाऊ नये’ ही सूचना त्याच विचाराची वंशज आहे.

शरीरावरून हा शब्द बुद्धीकडे गेला. ‘मुलाला गणित जड जाते’ यात कठीण हा अर्थ आहे. स्लोव्हाक भाषेतही जड आणि कठीण यांना ‘त्याश्की’ हा एकच शब्द आहे. त्याचे मूळ ओढण्याच्या क्रियेत सापडते, तर इंग्रजी ‘हेवी’चे उचलण्याच्या. चिंता मिटली की स्लोव्हाक माणूस काळजावरचा दगड पडला असे म्हणतो, आणि इंग्रज मनावरचे वजन गेले म्हणतो. मराठी माणूस बहुतेक वेळा म्हणतो, ‘डोक्यावरचे ओझे उतरले.’ मनावरचे ओझे आपल्याकडेही आहे, पण तोंडात आधी डोके येते. या भाषेत शतकानुशतके पाण्याचा हंडा, सरपणाची मोळी आणि धान्याची पाटी डोक्यावरूनच गेली आहे, हे त्याचे कारण असावे असे मला वाटते.

डोई, चुंबळ आणि माथाडी

डोक्यावर ओझे घेण्याआधी जुन्या लुगड्याची किंवा धोतराची पट्टी पिळून, गोल वळवून तिचे कडे करतात. त्याला ‘चुंबळ’ म्हणतात. हंड्याचा गोल बूड आणि कवटी यांच्यामध्ये ती बसते, भार पसरवते आणि भांडे कलंडू देत नाही. चुंबळ नीट वळली नसेल तर चार पावलांत मान अवघडते. या एवढ्याशा वस्तूला स्वतंत्र नाव आहे, यावरून डोक्यावरच्या वाहतुकीचा पसारा कळतो.

‘डोईजड’ हा शब्द इथलाच. डोक्यावर घेतलेले ओझे झेपेनासे झाले की ते डोईजड झाले. आज तो मुख्यतः माणसांविषयी वापरतात. लाडावलेला मुलगा, मातलेला कारभारी, मर्जीतला माणूस डोईजड होतो. ज्याला आपणच डोक्यावर घेतले तोच पेलेनासा होतो, हा सगळा इतिहास एका शब्दात मावला आहे. ‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण याच कुळातली : शोभेसाठी घेतलेली वस्तू ती वागवणाऱ्यालाच भारी पडते.

‘माथाडी’ हा शब्दही माथ्यापासून झाला. बाजारपेठांत आणि गोदामांत माथ्यावर माल वाहणाऱ्या कामगारांसाठी महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी बांधलेली माथाडींची चळवळ होती. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. एका माणसाने किती वजन उचलावे हा या चळवळींतला जिवाचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. आपल्याकडे शंभर किलोचे पोते पाठीवर घेणे हमालाला कित्येक वर्षे नेहमीचे होते. आज बाजारात ५० किलोचे पोते दिसते, तेव्हा त्यामागे कुणाच्या तरी मणक्याची किंमत आहे हे विसरता कामा नये.

मुलांच्या पाठीवरच्या भाराला मात्र अगदी साधा शब्द मिळाला : ‘दप्तराचे ओझे’. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात हे ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे असे म्हटले आहे. २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. पाण्याची भरलेली बाटली आणि डबा ठेवल्यावर त्यात पुस्तकांना किती जागा उरते हे कोणत्याही आईला विचारावे.

गळ्यातला भार

ओढाळ गुराला, म्हणजे सारखे दुसऱ्याच्या पिकात शिरणाऱ्या गाई-बैलाला, रोखण्यासाठी त्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका लोंबता बांधतात. जनावर पळू लागले की तो पुढच्या गुडघ्यांवर आपटतो आणि चाल आपोआप मंदावते. हे ‘लोढणे’. नको असलेली जबाबदारी, न टळणारे नाते, बुडीत धंदा यांना गळ्यातले लोढणे म्हणतात. ‘गळ्यात धोंड’ हा वाक्प्रचार त्याच्या शेजारचा. त्यात दगड आहे, आणि बुडण्याची भीतीही आहे. इंग्रजीत अशा वेळी गळ्यात जात्याची तळी येते.

भाराच्या शब्दांचा सर्वांत क्रूर वापर माणसांसाठी होतो. ‘खायला काळ, भुईला भार’ हे कमावत्या न राहिलेल्या माणसाला ऐकवतात, बहुतेकदा म्हाताऱ्याला. ‘लेक आईबापाला जड झाली’, ‘पोरीच्या लग्नाचे ओझे’ हे शब्द हुंड्याच्या रिवाजाने भाषेत रुजवले. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, शब्द अजून जिभेवर आहेत. कोशात त्यांची नोंद हवीच, पण त्यांखाली दबलेल्या मुलींनी हे शब्द स्वतःच्या कानांनी ऐकले आहेत, हेही तिथे लिहिलेले असावे.

पारडे, काटा आणि तोळामासा

मापाच्या जगात भार हा न्यायाचा होतो. पारडे जड होते, तोलून मापून बोलतात, तोल जातो, सोयरीक तोलामोलाची हवी. तराजूची दोन पारडी रिकामी असताना सारखी नसली, तर हलक्या बाजूला खडा किंवा धातूचा तुकडा अडकवून ती सारखी करतात. त्या तुकड्याला ‘पासंग’ म्हणतात. ‘तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ म्हणजे बरोबरीने तोलणे दूरच, तराजू सारखा करायला लावलेल्या खड्याएवढीही त्याची योग्यता नाही. ‘काटा मारणे’ म्हणजे वजनात फसवणे, आणि ते कसे होते हे भाजी घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

जुनी वजने व्यवहारातून गेली, भाषेतून गेली नाहीत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, पाच तोळ्यांचा छटाक, ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी असे सर्वसाधारण कोष्टक होते, जरी गावागणिक शेर बदलत असे. प्रमाण तोळा सुमारे ११.६६ ग्रॅम, शेर सुमारे ९३३ ग्रॅम आणि मण ३७ किलोंहून थोडा अधिक. या साऱ्याच्या तळाशी गुंज : एका वेलीचे लालभडक, टोकाला काळा ठिपका असलेले विषारी बी, वजन साधारण ०.१२ ग्रॅम. सोनाराच्या नाजूक काट्यात हेच बी वजन म्हणून पडत असे.

दशमान वजने आणणारा कायदा १९५६ चा. १९५८ पासून ती वापरात येऊ लागली आणि १९६२ मध्ये सक्तीची झाली. तरी ‘तोळामासा प्रकृती’ आजही आहे : तोळ्याचे माशावर यावे इतकी नाजूक. शेरास सव्वाशेर भेटतोच. भीतीने पाय मणामणाचे होतात. कौतुकाने अंगावर मूठभर मांस चढते. सोनाराकडे तोळाही आहेच, फक्त तो आता गुपचूप १० ग्रॅमचा झाला आहे.

देवाला किंवा राजाला तराजूत बसवून समोर सोने, धान्य किंवा गूळ ठेवून दान करण्याच्या तुलादानाचा उल्लेख १६७४ च्या रायगडावरील शिवराज्याभिषेकातही येतो. कृष्णाच्या तुलेत सगळे दागिने अपुरे पडले आणि रुक्मिणीच्या तुळशीच्या एका पानाने पारडे झुकले, ही कथा तर कीर्तनातून घरोघरी पोचली आहे.

कागदावरचा भार

शेतकऱ्याने जमीन तारण ठेवून कर्ज घेतले की सातबारा उताऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचे नाव व रक्कम येते. याला ‘बोजा चढवणे’ म्हणतात. कर्ज फिटल्यावर बँकेचा दाखला तलाठ्याकडे द्यायचा आणि बोजा ‘उतरवून’ घ्यायचा. क्रियापदे पाहावीत : ती बैलाच्या पाठीवरच्या गोणीची आहेत. जमिनीलाही पाठ आहे असे धरूनच हा व्यवहार बोलला जातो.

सरकारी भाषेने ‘भार’ भरपूर राबवला : पदभार, अतिरिक्त कार्यभार, प्रभारी, अधिभार. २००० नंतरच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने ‘भारनियमन’ हा शब्द अंधारात बसून पाठ केला. रस्त्यावर ‘अवजड वाहनांना प्रवेश बंद’, केंद्रात अवजड उद्योग खाते. ‘जड पाणी’ मात्र दोन अर्थांचे आहे. घरात ते बोअरचे, साबणाचा फेस न देणारे पाणी. वर्तमानपत्रात ते अणुभट्टीसाठी लागणारे, साध्या पाण्याहून सुमारे ११ टक्के जड असे पाणी, ज्याचा एक प्रकल्प रायगड जिल्ह्यातल्या थळला आहे.

‘फाइलवर वजन ठेवणे’ म्हणजे लाच देणे. यातली युक्ती उलटी आहे. एरवी वजन ठेवले की कागद जागचा हलत नाही. इथे वजन ठेवल्याशिवाय हलत नाही. दुसरीकडे ‘वजनदार नेता’, ‘भारदस्त आवाज’ यांत भार म्हणजे मान, आणि त्याच्या विरुद्ध टोकाला ‘हलका’, ‘हलक्या कानाचा’, ‘हलकट’. ‘आभार’ या शब्दातही भार आहेच. आभारी असणे म्हणजे उपकाराच्या ओझ्याखाली असणे, पण हे ओझे माणूस आपणहून आणि आनंदाने सांगतो.

आजचे बोलणे

‘भारी’ने अलीकडे सर्वांत लांब उडी मारली. किमती, मौल्यवान या अर्थावरून तो ‘उत्तम’ या अर्थाला आला आणि आता ‘भारीच!’ किंवा कोल्हापूरकडचे ‘लई भारी’ यांत वजनाचा अंशही उरला नाही. त्याच्या रिकाम्या जागेत इंग्रजी शब्द शिरले. मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’ म्हणजे घरमालकाला एकदम मोठी रक्कम देऊन महिन्याचे भाडे न भरता राहणे; मुदत संपली की रक्कम परत. आणि पुण्यामुंबईची पोरे परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकांना सांगतात, ‘लोड घेऊ नकोस रे.’