पान कोरं का दिसतं? एपीआयच्या रिकाम्या उत्तरांविषयी थोडं

'माझ्या ऑर्डर्स' उघडल्यावर पान कोरं दिसलं, तर ऑर्डर एकही नसेल, किंवा ऑर्डर आहेत पण सर्व्हरकडून आणता आल्या नसतील, किंवा उत्तर आलं असेल पण आपल्या जावास्क्रिप्टची, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडची, गाडी त्यावर अडली असेल. वापरणाऱ्याला तिन्ही वेळा दिसतं एकच, आणि फोन येतो तुम्हाला. ज्यांचं वेब ॲप आम्ही बांधतो किंवा सांभाळतो, त्यांच्यासाठी हे पत्रक.

ॲप सर्व्हरकडे माहिती मागतं ती एपीआय या ठरलेल्या वाटेने. तिथून रिकामं उत्तर अनेक रूपांत येतं. कधी रिकामी यादी, कधी नल, म्हणजे 'इथे काही नाही' अशी खूण, कधी फील्डच (माहितीचा रकानाच) गायब म्हणजे अनडिफाइन्ड. आणि कधी बॉडीच, म्हणजे उत्तरातला मजकूरच, नसतो. हा शेवटचा प्रकार जास्त फसवा. समजा, कोणी एक रेकॉर्ड डिलीट केलं. सर्व्हरने 204 स्टेटस (उत्तरासोबत येणारा निकालाचा आकडा) पाठवला, म्हणजे काम झालं, सोबत पाठवायला काही नाही. सगळं ठीक आहे. पण कोडने सवयीप्रमाणे ते उत्तर जेसन (माहिती पाठवण्याची ठरावीक मांडणी) म्हणून वाचायला घेतलं, की एरर येतो आणि स्क्रीनवर 'काहीतरी चुकलं' झळकतं. माणूस पुन्हा डिलीट दाबतो. आता रेकॉर्डच उरलेलं नसतं, त्यामुळे बहुधा 404, म्हणजे 'सापडलं नाही', येतो, आणि त्याची खात्रीच पटते की ॲप बिघडलंय. म्हणून आम्ही आधी स्टेटस पाहतो. बॉडीची खात्री नसेल तर ती साधा मजकूर म्हणून वाचतो आणि आत काही असेल तरच पार्स करतो, म्हणजे त्यातून माहिती उलगडतो.

याच्या उलट प्रकारही होतो. सर्व्हरकडून 404 किंवा 500 (सर्व्हरवरच बिघाड) आला तरी ब्राउझरचं फेच, म्हणजे सर्व्हरकडून माहिती आणणारी सोय, स्वतःहून एरर देत नाही. नेटवर्कच तुटलं तर देतं. स्टेटस न तपासता पुढे गेलेला कोड मग एररच्या मजकुरातच ऑर्डरची यादी शोधतो, त्याला ती सापडत नाही, आणि तो बेधडक सांगतो, 'तुमची एकही ऑर्डर नाही.' आमच्या मते हे ॲप बंद पडण्यापेक्षा वाईट. बंद पडलेलं निदान कळतं तरी.

2020 पासून जावास्क्रिप्टमध्ये ?. आणि ?? ही दोन चिन्हं आली आणि बरंच काम सोपं झालं. पूर्वी पर्यायी किंमत द्यायला || वापरायचे. त्यात सवलत 0 असली तरी ती 'नाही' समजली जायची आणि ठरलेली 10 टक्के सवलत लागून जायची. ?? फक्त नल आणि अनडिफाइन्डलाच रिकामं मानतं, 0 ला हात लावत नाही. ?. हे आधीची गोष्ट रिकामी असेल तर एरर न देता तिथेच थांबतं. मात्र ते जिथे तिथे पेरून ठेवलं की एरर दिसेनासे होतात, चूक तिथेच राहते. तसा कोड हाती आला, तर आम्ही तो आधी निस्तरतो.

एक खूण तुम्हालाही ओळखता येईल. ग्राहकाची जन्मतारीख 1 जानेवारी 1970 दिसली (काही टाइमझोनमध्ये 31 डिसेंबर 1969), तर ती खरी मानण्याआधी आम्हाला कळवा. बऱ्याचदा तिथे तारीख नसतेच. नलची तारीख केली की जावास्क्रिप्ट हेच उत्तर देतं.

आता तुमच्याकडून काय हवं ते. कुठलं फील्ड रिकामं असणं चालेल आणि कुठलं मुळीच नाही, हे धंदा जाणणाराच सांगू शकतो. फोन नंबर नसेल तर रकाना लपवायचा, 'दिलेला नाही' लिहायचं, की फॉर्मच पुढे जाऊ द्यायचा नाही? काम सुरू होताना आम्ही स्क्रीनवार तक्ता पाठवतो. त्यात 'माहिती नाही' आणि 'माहिती आणता आली नाही' यांचे मजकूर वेगवेगळे भरा; दुसऱ्यासोबत 'पुन्हा प्रयत्न करा' हे बटण आम्ही देतोच. एपीआय दुसऱ्या कंपनीचा असेल, तर त्यांच्याकडून भरलेल्या उत्तराबरोबर रिकाम्या उत्तराचा नमुनाही मागून घ्या. तो सहसा कोणी आपणहून देत नाही.