गर्भपाताला माफी फक्त बिशपच देतात?

तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चच्या आवारात असो की घोडबंदर रोडवरच्या नव्या सोसायट्यांत, ठाण्यातल्या कॅथलिक घरांत हे अजून कानावर येतं: गर्भपात केलेल्या बाईला चर्च कायमचं बाहेर काढतं. माफी मिळालीच तर फक्त बिशपकडून, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखाकडून; म्हणजे मुंबई गाठा!

हे खरं नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली, चर्चने पाळलेल्या दयेच्या खास वर्षासाठी, कन्फेशनमध्ये (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देताना) या पापाची क्षमा द्यायचा अधिकार सगळ्या धर्मगुरूंना दिला. २० नोव्हेंबर २०१६च्या पत्रात तो कायम केला. म्हणजे आपल्याच पॅरिशचे, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चचे, फादर पुरेत.

याचा अर्थ चर्चची भूमिका मवाळ झाली असा मात्र नाही. गर्भातला जीव हा माणूसच, त्याला जपणं कर्तव्यच, ही चर्चची शिकवण आहे; आणि गर्भपात हे गंभीर पाप, हे त्याच पत्रात स्पष्ट लिहिलं आहे. चर्चच्या कायद्यात त्यासाठी बहिष्काराची, म्हणजे संस्कारांपासून दूर ठेवण्याची, आपोआप लागणारी शिक्षा आजही आहे. पण सोळा वर्षांखालच्या मुलीला ती लागू नाही, आणि मोठ्या भीतीपोटी केलं असेल तर ती आपोआप लागत नाही. उलट, ज्यांच्या मदतीशिवाय ते घडलंच नसतं त्यांनाही ती लागू होऊ शकते. कुजबुज मात्र बाईबद्दलच होते.

आणि आपोआप गर्भ पडला असेल तर त्यात पापच नाही. तरी कित्येक जणी उगाच अपराधी वाटून कम्युनियनला (मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घ्यायला) जायचं टाळतात.