दोन घासांत पोट भरतं तेव्हा: अपचन, जठराचा वरचा भाग आणि एक चिनी काढा

आपल्याकडे पोटाची कुठलीही तक्रार असली की तिला ॲसिडिटी म्हणून मोकळं व्हायचं. अर्धं ताट झालं की पोट टम्म, ढेकरांवर ढेकर, छातीखाली दगड ठेवल्यासारखं, आणि मग महिनोन्महिने सकाळी उपाशीपोटी एक गोळी. तरी फरक पडत नाही म्हणून एन्डोस्कोपी होते, ती नॉर्मल येते आणि घरचे म्हणतात, तुला काही झालेलं नाहीये, टेन्शन घेतोस तू. इथून पुढे माणूस "मुळापासून बरं करणाऱ्या" औषधांच्या मागे लागतो, आणि हल्ली त्यात हजारो वर्षांच्या चिनी जडीबुटीचे मेसेजपण यायला लागलेत. मला यात दोन्हीकडचं खटकतं. नॉर्मल रिपोर्टवरून आजार मनाचा ठरवणंही चूक आणि काढा जुना आहे म्हणून तो लागू पडेलच असं धरून चालणंही चूक.

या आजाराला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. जेवल्यावर त्रास होईल इतका जडपणा, थोडक्यात पोट भरणं, बेंबीच्या वर दुखणं किंवा जळजळ, यातलं काहीतरी गेले 3 महिने चालू हवं, सुरुवात किमान 6 महिन्यांपूर्वीची हवी आणि तपासणीत अल्सर, गाठ वगैरे सापडायला नको, असे त्याचे निकष आहेत. आता एन्डोस्कोपीचा कॅमेरा बघतो काय, तर जठराचं अस्तर. तेही उपाशीपोटी, आत हवा भरून. जेवताना जठराचा स्नायू कसा वागतो ते त्यात दिसणार तरी कसं?

आणि खरी गंमत त्या स्नायूतच आहे. रिकामं जठर आक्रसलेलं असतं, पण जेवताना त्यात लिटरभर ऐवज सहज मावतो आणि तरी आतला दाब फारसा वाढत नाही. हे कसं होतं, तर घास गिळला, अन्न जठरात पोचलं की व्हेगस नावाच्या मज्जातंतूवरून मेंदूच्या खालच्या भागाला निरोप जातो, तिथून त्याच व्हेगसवरून उलट निरोप येतो आणि जठराच्या भिंतीतल्या चेतापेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात. हो, वायू! हाच रेणू रक्तवाहिन्या सैल करतो आणि त्यावरच्या कामाला 1998 चं नोबेल मिळालं होतं. तो स्नायूपेशीत शिरून एका एन्झाइमला चालू करतो, त्यातून सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू तयार होतो, पेशीतलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि स्नायू सैल पडतो. जठराचा वरचा घुमट, फंडस, असा पसरून अन्नाला जागा करून देतो.

हे मोजतात बॅरोस्टॅटनं. तोंडातून नळी घालून तिच्या टोकाची पातळ प्लास्टिकची पिशवी जठरात उलगडतात, मशीन तिच्यातला दाब कायम ठेवतं, माणसाला जेवण म्हणून पातळ पेय देतात आणि पिशवीत किती जास्तीची हवा मावते ते बघतात. बेल्जियममधल्या लूवेनच्या संशोधकांनी 1998 मध्ये फंक्शनल डिस्पेप्सियाच्या रुग्णांवर हे केलं तेव्हा जवळपास 40 टक्के जणांचा फंडस नीट सैल पडत नव्हता. घुमटात जागा न मिळालेलं अन्न लवकर खाली सरकतं, जठराचा खालचा भाग ताणला जातो आणि मेंदूला निरोप जातो की पोट भरलं. ॲसिड कमी करणाऱ्या गोळीनं काही जणांना बरं वाटतं, पण ती हा फंडस सैल करत नाही.

आता काढ्याकडे येऊ. अशा तक्रारीसाठी चीनमध्ये फार वापरात असलेला काढा म्हणजे लिऊ जुन झी थांग, सहा सज्जनांचा काढा. जिनसेंग, बायझू नावाचं मूळ, फूलिंग ही पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी, ज्येष्ठमध, मुरवलेली संत्र्याची साल आणि बानशा हा कंद. बानशा आपल्या अळूच्या कुळातला, त्यामुळे कच्चा खाल्ला तर घसा तसाच खाजतो. आपण अळूच्या फदफद्यात चिंच घालतो, चिनी लोक बानशा आलं आणि तुरटी वगैरे वापरून शुद्ध करतात. चिनी वैद्य जीभ आणि नाडी बघून "प्लीहा दुर्बळ" असं निदान करतात. या प्लीहेचा शरीरातल्या प्लीहेशी संबंध नाही आणि नाडीवरून पचन कळतं याला आधार नाही, हे स्पष्टच सांगायला हवं. पण निदानाची भाषा चुकीची म्हणून औषधही कुचकामी, असं मात्र होत नाही. ते वेगळं तपासावं लागतं.

ते तपासलं जपानी लोकांनी. हाच काढा तिथे आलं आणि चिनी बोर घालून रिक्कुन्शितो नावानं कारखान्यात प्रमाणित पावडरच्या रूपात बनतो आणि सरकारी आरोग्य विम्यात मिळतो. गिनी पिगचं जठर शरीराबाहेर ठेवून केलेल्या प्रयोगात त्यानं जठर जास्त सैल पडलं. उंदरांमध्ये संत्र्याच्या सालीतली फ्लेवोनॉइड नावाची द्रव्यं सेरोटोनिन या निरोप्या रेणूचे काही रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेण्याच्या जागा, अडवतात आणि त्यामुळे घ्रेलिन, म्हणजे जठरातच तयार होणारं भुकेचं हार्मोन, सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधानं कमी झालेलं परत वाढतं, असंही दिसलं.

उंदीर बरा झाला म्हणजे माणूस होतो असं नाही, म्हणून चाचण्या. 2014 च्या चाचणीत 247 रुग्ण होते, 8 आठवडे औषध. औषधवाल्यांत 33.6 टक्के लोकांना बरं वाटलं आणि प्लासिबो, म्हणजे औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं काही, घेणाऱ्यांत 23.8 टक्के, आणि हा फरक योगायोगाचाही असू शकतो असं गणित निघालं. 2018 मध्ये सुमारे सव्वाशे जणांच्या चाचणीत मात्र फरक ठोस निघाला. म्हणजे थोडा फायदा, काही जणांना. नुसत्या प्लासिबोनंच जवळपास चौघांतल्या एकाला बरं वाटतं हे लक्षात ठेवलं की "माझ्या मावशीला लागू पडलं" याची किंमत किती ते कळतं.

आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे तर डोक्यातून काढूनच टाका. ब्रसेल्समधल्या एका वजन कमी करण्याच्या क्लिनिकमध्ये 1990 च्या सुमारास एका चिनी मुळाच्या जागी मिळत्याजुळत्या नावाचं दुसरं मूळ गेलं, ॲरिस्टोलोकिया नावाच्या वनस्पतीचं. त्यातल्या ॲरिस्टोलोकिक ॲसिडनं शंभरावर बायकांच्या किडन्या खराब झाल्या आणि कित्येकींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. पोटाच्या काढ्यांतही हा धोका आहे, कारण सहा सज्जनांमध्ये चिनी वैद्य बऱ्याचदा मूशियांग घालतात, म्हणजे आपल्याकडची कोष्ठ ही मुळी, आणि मिळत्याजुळत्या नावाचं चिंग मूशियांग हे मात्र ॲरिस्टोलोकियाचं मूळ आहे, ज्यावर चीननंच 2004 मध्ये बंदी घातली. ऑनलाइन मागवलेल्या पुडीत नक्की कुठलं मूळ आलंय हे घरी बसून ओळखता येत नाही, मी तरी अशी पुडी घेणार नाही.

ज्येष्ठमधाचंही तसंच आहे, आपल्या ओळखीचं असलं तरी. त्यातलं ग्लिसिरायझिन किडनीतल्या एका एन्झाइमला अडवतं, त्यामुळे कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन तिथे मीठ साठवायला लावणाऱ्या हार्मोनसारखं वागायला लागतं, रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर काढा घेण्याआधी डॉक्टरांना सांगाच. वजन उतरत असेल, शौच काळी होत असेल, गिळताना अडकत असेल, उलटीत रक्त दिसलं असेल किंवा साठीच्या आसपास पहिल्यांदाच हा त्रास सुरू झाला असेल तर काढाही नको आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळीही नको, आधी एन्डोस्कोपी आणि एच. पायलोरी या जठरात राहणाऱ्या जिवाणूची तपासणी करून घ्या.