थंड हवेतला टोमॅटो

ब्रिटनमध्ये परसात टोमॅटो लावणाऱ्यांचा जीव उन्हासाठी कासावीस होतो, पण पीक अडतं ते रात्रीच्या गारव्यामुळे. पारा वारंवार 10 अंशांच्या खाली उतरला की परागकण कमजोर होतात आणि फुलं गळून पडतात. बी मार्चच्या मध्यावर घरात, 20 अंशांच्या आसपासच्या उबेत रुजवावं. रोपं जमिनीत लावायची ती मात्र दक्षिण इंग्लंडमध्ये मेअखेर आणि स्कॉटलंडमध्ये जून उजाडल्यावरच. त्याआधी 8-10 दिवस त्यांना दिवसा बाहेर, रात्री आत ठेवून काटक करावं. लावताना खालची पानं काढून खोड खोल पुरावं, म्हणजे पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात.

मोठ्या, मांसल फळांच्या वाणांना इथला उन्हाळा पुरत नाही, त्यामुळे त्यांचा मोह टाळलेलाच बरा. चेक प्रदेशातला 'स्टुपिस' लवकर येतो. ऑरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीने काढलेल्या 'लेजंड'ला गारव्यात परागीभवन न होताही फळं धरतात. अशा फळांत बिया अगदी कमी असतात.

सगळ्यात घातक म्हणजे उशिरा येणारा करपा. 1845 मध्ये आयर्लंडचा बटाटा नासवणारा फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स तो हाच. सलग दोन दिवस किमान तापमान 10 अंश किंवा जास्त आणि रोज निदान 6 तास 90 टक्के आर्द्रता असली की ब्रिटनमध्ये बटाट्यासाठी करप्याचा इशारा दिला जातो. टोमॅटोवाल्यांनीही तो आपलाच समजावा. हा जंतू ओल्या पानावरच रुजतो, म्हणून झाडांवर पारदर्शक छप्पर घालावं आणि बाजू उघड्या ठेवाव्यात. नुसतं एवढं केलं तरी निम्मी लढाई जिंकली जाते! पाणी सकाळी, बुडाशीच द्यावं. जमिनीला टेकणारी पानं काढावीत. खोडावर तपकिरी-काळे डाग दिसले की झाड त्याच दिवशी उपटावं. आज-उद्या करत बसलं तर शेजारची झाडंही जातात.

पाणी कधी कमी, कधी जास्त झालं तर कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि तिथे काळा, चामट डाग पडतो. माती सतत ओलसर राहिली तर हे टळतं.

उघड्यावरच्या उंच वाढणाऱ्या झाडाला फळांचे चार घोस धरले की शेंडा खुडावा. सप्टेंबरात फळांवर रंगाची पहिली झाक आली की ती तोडून घरात 18-20 अंशांत, पिकलेल्या केळ्याजवळ ठेवावीत. केळ्यातून सुटणाऱ्या इथिलीनने ती लाल होतात. फ्रिजमध्ये मात्र ती हिरवट राहतात आणि चवही जाते.