स्लोला २८०० आरपीएम? बाहेरून लावलेल्या मीटरची भानगड

माझ्या बाइकला आरपीएम मीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा मीटर, आलाच नव्हता, नुसता स्पीडोमीटर. म्हणून बाहेरचा एक छोटा गोल मीटर मागवला. मागून चार वायरी लोंबत होत्या, लाल काळी पिवळी हिरवी, आणि सोबत एक चिटोरं ज्यावर वाचता येण्यासारखं फक्त 'बारा व्होल्ट' एवढंच होतं. अख्खी दुपार घालवून जोडला, चावी फिरवली, काटा एकदा शेवटपर्यंत जाऊन परत शून्यावर आला, एकदम भारी वाटलं. गाडी चालू केली तर स्लोला, म्हणजे रेस न देता, काटा २८०० वर. इंजिन समोर निवांत टकटक करतंय, कोणाच्याही कानाला कळेल की हे २८०० नाही, पण काटा तिथेच ठाम. रेस दिली की वर, सोडली की खाली, वागणं सगळं बरोबर, फक्त आकडा चुकलेला.

मग म्हटलं खरा आकडा किती ते तरी बघू. मोबाईल सायलेन्सरपासून हातभर लांब धरला, आवाज रेकॉर्ड केला आणि आवाज एडिट करायच्या ॲपमध्ये उघडला. त्यात प्रत्येक धडाक्याचं एक वेगळं टोक दिसतं. पाच सेकंदांत ५८ टोकं मोजली, म्हणजे मिनिटाला ६९६. फोर स्ट्रोक सिंगल सिलेंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच पेट्रोल पेटतं, त्यामुळे याची दुप्पट, १३९२ फेरे. आणि मीटर दाखवतोय २८००. म्हणजे चूक कशीही झालेली नव्हती, नेमकी दुपटीची होती, आणि दुपटीची चूक दिसली की समजायचं वायर खराब नाहीये, मोजायचा हिशोब चुकतोय.

कारण हा मीटर इंजिनाचे फेरे बघतच नाही. त्याला क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, कुठे आहे हे पण माहीत नसतं. तो मोजतो प्लगच्या ठिणग्या, आणि एका फेऱ्याला किती ठिणग्या पडतात हे आपण त्याला सांगायचं असतं. जुन्या गाड्यांत तसं नव्हतं, तिथे इंजिनातून एक केबल निघून थेट मीटरमध्ये जायची, केबलच्या टोकाला लोहचुंबक गरगर फिरायचा, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी, फिरत्या चुंबकामुळे वाटीत करंटचे भोवरे तयार व्हायचे आणि वाटी चुंबकाच्या मागे ओढली जायची, तिला एक बारीक स्प्रिंग मागे खेचायची, दोघांची रस्सीखेच जिथे थांबेल तिथे काटा. फार सुंदर डोकं लावलंय त्यात. पण आज बाहेरून मिळणारे जवळपास सगळे मीटर ठिणगीवर चालतात.

आता पुस्तकात शिकवतात की फोर स्ट्रोकला दोन फेऱ्यांना एक ठिणगी. गरज तेवढीच असते, पण बऱ्याच सिंगल सिलेंडर बाइकमध्ये ठिणगी प्रत्येक फेऱ्याला पडते. कारण ठिणगी कधी पाडायची हे ठरवणारा उंचवटा क्रँकवरच्या मॅग्नेटला असतो. तो दर फेऱ्याला पल्सर कॉइल नावाच्या छोट्या सेन्सरसमोरून जातो आणि कॉइल इशारा देते. हा फेरा कॉम्प्रेशनचा आहे का एक्झॉस्टचा हे तिला कळायला मार्ग नाही, मग दोन्हीकडे ठिणगी पाडून मोकळी. एक्झॉस्टच्या वेळी सिलेंडरमध्ये जळून गेलेला धूरच असतो, ठिणगी पडली काय नाही पडली काय, फरक पडत नाही. वाया जाणारी ठिणगी, पण त्यामुळे कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, दोन फेऱ्यांत एकदाच फिरतो) वेगळा सेन्सर लावायचा खर्च आणि भानगड वाचते.

माझा मीटर दोन फेऱ्यांना एक ठिणगी असं धरून बसला होता. म्हणजे प्रत्येक ठिणगीला दोन फेरे मांडत होता आणि गाडी दर फेऱ्याला ठिणगी देत होती, झालं दुप्पट. मागे रबरी बूच काढल्यावर आत एक पिटुकला स्विच सापडला, तो सरकवला आणि काटा १४०० वर. याच्या उलटंही होतं. चार सिलेंडरच्या कारसाठी बनवलेला मीटर एका फेऱ्याला दोन ठिणग्या धरतो, तो अशा बाइकला लावला तर निम्मं दाखवणार, आणि निम्मं दाखवणारा मीटर जास्त वाईट, कारण आपण बिनधास्त पिळत राहतो.

आता सिग्नल घ्यायचा कुठून, खरी मजा इथे आहे. प्लगला ठिणगी पाडायला दहा वीस हजार व्होल्ट लागतात आणि बॅटरी आपली बाराची. मधलं काम इग्निशन कॉइल करते, एकाच लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या, एक जाड तारेची थोड्या वेढ्यांची आणि एक केसासारख्या तारेची हजारो वेढ्यांची. फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलं की चुंबकी क्षेत्र बदललं की तारेत व्होल्टेज तयार होतं, आणि जितकं झटकन बदलेल तितकं जास्त. म्हणून पॉइंटच्या (जुन्या गाड्यांतला यांत्रिक स्विच) किंवा ट्रान्झिस्टरच्या इग्निशनमध्ये जाड गुंडाळीतून करंट आरामात वाहू देतात आणि बरोबर वेळेला खटकन तोडतात. क्षेत्र कोसळतं, पलीकडे ठिणगी पडते, पण त्याच क्षणी अलीकडच्या, बारा व्होल्टवाल्या बाजूलाही दोनशे ते चारशे व्होल्टची उसळी येते. मीटरला हवी असते ती ही उसळी. कॉइलच्या दोन टोकांपैकी एकावर चावी ऑन केल्यापासून सरळ बारा व्होल्ट असतात, तिथे सिग्नलची वायर लावून काही उपयोग नाही, जे टोक इग्निशन बॉक्सकडे, म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणाऱ्या डबीकडे, जातं ते धरायचं.

सीडीआयची, म्हणजे कपॅसिटरवर ठिणगी पाडणारी, गाडी असेल तर गणित उलटं. तिथे करंट तोडत नाहीत, बॉक्समध्ये एक कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग) दोनशे ते चारशे व्होल्टला चार्ज करून ठेवतात आणि वेळ झाली की सगळा एकदम कॉइलमध्ये ओततात. कॉइलचं एक टोक अर्थला असतं, दुसऱ्यावर हा तडाखा येतो. तेव्हा आधी गाडीचा वायरिंग डायग्राम शोधा आणि इग्निशन कोणत्या जातीचं आहे ते बघा. आणि रंगावर विश्वास ठेवू नका, मीटरच्या काळ्या वायरीला गाडीतल्या काळ्या वायरीचा काही पत्ता नसतो. काही सीडीआय गाड्यांत इंजिन बंद करायची वायर अर्थ केली की इंजिन बंद पडतं, चुकून त्या वायरीला बारा व्होल्ट दिले तर बॉक्सच जायचा. साधा मल्टिमीटर पण कॉइलच्या टोकाला लावायच्या आधी तो किती व्होल्ट झेपवतो ते वाचा, आणि इंजिन चालू असताना बोटं लांब ठेवा, तीनशे व्होल्टचा झटका काही गंमत नसते.

हे सगळं नको असेल तर तिसरा रस्ता, वायर तोडायची नाही, सोलायची नाही, मीटरची सिग्नल वायर प्लगच्या जाड वायरीभोवती चार पाच वेढे गुंडाळायची. आतला तांब्याचा धागा आणि बाहेरचा वेढा यांच्यामध्ये इन्सुलेशन, म्हणजे नकळत एक छोटासा कपॅसिटरच तयार होतो, आणि ठिणगीच्या क्षणी हजारो व्होल्टची उडी पडली की तिचा थोडासा अंश बाहेरच्या वायरीत येतो. अर्थात मीटर या पद्धतीला चालणारा हवा. मी आधी दोनच वेढे दिले होते तर मीटर मध्येच १४०० आणि मध्येच ७०० दाखवायचा. तासभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं. कॉम्प्रेशनच्या वेळी सिलेंडरमध्ये दाब जास्त, दाबलेल्या हवेतून ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं, एक्झॉस्टच्या वेळी दाब कमी म्हणून कमी व्होल्टेजमध्येच काम होतं. म्हणजे एक ठिणगी मोठी एक छोटी असं आलटून पालटून, आणि माझ्या दोन वेढ्यांना फक्त मोठीच ऐकू येत होती. आणखी तीन वेढे दिले, टेप मारली, विषय संपला.

फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीवाल्यांना एकच सांगणं, सेन्सरच्या वायरींना टाचणीसुद्धा टोचू नका. पल्सर कॉइलचा सिग्नल मुळात नाजूक असतो, त्याच्यावर मीटरचं ओझं टाकलं तर इसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वेळ चुकीची कळेल आणि इंजिन मिसफायर व्हायला लागेल. कॉइलवरून घ्या, नाहीतर गुंडाळा.

आत मीटर काय करतो ते समजून घ्यायला अशी कल्पना करा की एक बादली आहे, तिच्या बुडाला बारीक भोक आहे. प्रत्येक ठिणगीला तुम्ही एकाच मापाची वाटी भरून पाणी ओतता. ठिणग्या भराभर आल्या की पातळी चढते, कमी झाल्या की उतरते, काटा ती पातळी दाखवतो. एलएम२९०७ नावाची जुनी चिप अगदी हेच करते, पाण्याच्या जागी विजेचा भार. वाटी एकाच मापाची असणं महत्त्वाचं, कारण ठिणगी छोटी असो मोठी असो, मोजणीत ती एकच.

पण ठिणगी पडल्यावर कॉइल लगेच गप्प बसत नाही, घंटा वाजवल्यावर जशी घुमत राहते तशी व्होल्टेजची लाट चार पाच वेळा वर खाली होऊन मग शांत होते. प्रत्येक लाट मोजली तर मीटर वेडाच होईल. म्हणून पहिली उसळी मोजली की मीटर दोन तीन मिलिसेकंद कान बंद करून बसतो. जास्त वेळ बसता येत नाही, १२००० आरपीएमला सेकंदाला २०० फेरे, म्हणजे दर ५ मिलिसेकंदांनी पुढची ठिणगी दारात हजर.

डिजिटल आकडेवाल्या स्वस्त मीटरमध्ये आणखी एक गंमत असते. तो समजा अर्धा सेकंद ठिणग्या मोजतो आणि गुणाकार करून आकडा दाखवतो. अर्ध्या सेकंदात १२ ठिणग्या आल्या तर १४४०, ११ आल्या तर १३२०. मधला आकडाच नाही. इंजिन एकसारखं चालू असलं तरी आकडा १२० च्या उड्या मारतो आणि लोकांना वाटतं इंजिन बिघडलं. बऱ्यापैकी मीटर दोन ठिणग्यांमधला वेळ मोजतात, त्यात ही कटकट नसते.

पॉवरचं काम सोपं आहे पण लोक तिथेच घाई करतात. लाल वायर चावीनंतरच्या बारा व्होल्टला, मध्ये एक अँपिअरचा फ्यूज. मीटर खातो तसं थोडंच, पण हँडलजवळ वायर घासून सोलली तर फ्यूज नसताना गाडीचं अख्खं वायरिंग (हार्नेस) जळू शकतं. हेडलाइटच्या वायरीवरून पॉवर घ्यायचा मोह आवरा, बऱ्याच छोट्या जुन्या बाइकमध्ये हेडलाइट बॅटरीवर नाही तर मॅग्नेटच्या एसीवर चालतो, त्यावर मीटर जिवंत राहील याची काही खात्री नाही. अर्थ तर नीट वायरीने फ्रेमपर्यंत किंवा बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. हँडलच्या क्लॅम्पला लावून भागवलं तर करंटला परतताना ग्रीस भरलेल्या बेअरिंगमधून वाट काढावी लागते, आणि मग हँडल वळवलं की काटा पण वळतो.

माझा मीटर १४०० वर आला खरा, पण ५००० च्या पुढे काटा अंगात आल्यासारखा नाचायला लागला. दोन कारणं निघाली. मी सिग्नलची वायर टाकीखालून प्लगच्या वायरीला अगदी चिकटवून आणली होती, दिसायला छान, पण हातभर लांबी दोघी शेजारी शेजारी म्हणजे तो सगळा पट्टाच ॲन्टेना. दुसरं म्हणजे गाडीत कोणीतरी, बहुधा मीच, विना रेझिस्टरचा प्लग बसवला होता. ठिणगी म्हणजे खरं तर छोटा रेडिओ ट्रान्समीटर, मार्कोनीने पहिले संदेश असल्याच ठिणग्यांनी पाठवले होते, आणि प्लगमधला साधारण पाच हजार ओहमचा रेझिस्टर ही बडबड दाबायलाच असतो. प्लगच्या नंबरात आर हे अक्षर असलं की बहुतेक वेळा समजायचं रेझिस्टर आहे. प्लग बदलला, वायर फ्रेमच्या दुसऱ्या बाजूने नेली, काटा शहाण्यासारखा वागायला लागला.

एक राहिलंच. मीटरच्या डायलवर लाल पट्टा ११००० पासून छापलेला आहे, तो कोणाच्या इंजिनाचा आहे देव जाणे, माझ्या इंजिनाची मर्यादा कंपनीच्या पुस्तकात ८५०० दिलीय. सुरुवातीला काचेवर ८५०० ला लाल टेपची बारीक चिंधी लावली होती, ती एका पावसात निघून गेली. आता तिथे लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, थोडा वाकडा पडलाय, साधारण ८४०० वर.